फोन आता उजवीकडे ओढून उचला

बाबा,

पाण्याचे नमुने आणायला उमरेडला जाते आहे. संध्याकाळी आठच्या बसने परत निघेन. एक चूक माझी आहे, ती आधी सांगते.

गेल्या रविवारी तुमच्या फोनचं अपडेट मी केलं. मोठं घड्याळ आणि गोल चिन्हं तुम्हालाही आवडली. पण फोन उचलायची रीत बदलली, हे मी पाहिलंच नाही. आधी बोट वर ओढायचं. आता उजवीकडे ओढलं तर फोन उचलला जातो, डावीकडे ओढलं तर कट होतो. काल तुम्ही पेपर वाचत असताना मी स्वयंपाकघरातून सहा वेळा रिंग दिली. पाच वेळा तुमचा अंगठा डावीकडे गेला आणि तुम्ही ओरडलात, "मोनाली, तुझा फोन काहून कट होऊन राहिला वं?"

म्हणजे अंकुशदादाचे फोनही असेच कट झाले. तुम्ही म्हणत होता, "पोट्टा रिंग देते अन् स्वतःच ठेवून देते." तिकडे पुण्यात त्याला वाटलं, तो घर सोडून गेल्याचा तुमचा राग अजून गेला नाही. मी त्याला सगळं सांगितलं. आधी खूप हसला, मग म्हणाला, "आज सातले लावतो, बाबाले सांग."

आईच्या फोनवरून रिंग देऊन थोडा सराव करून ठेवा. आणि सातला अंगठा चुकून डावीकडे गेलाच, तर दादाच्या दुसऱ्या रिंगची वाट पाहू नका. तुम्हीच त्याला लावा.

मोनाली