वॉर्साच्या भिंतीवरचं नाव

अझैबा, मस्कत
७ ऑक्टोबर २०२५

प्रिय आई,

आशीर्वाद असावा. गुडघे कसे आहेत? वसईला पाऊस थांबला का? फोन तुम्ही घेत नाही. तुमची सून, स्टॅन्लीची विनी उचलते आणि "आई झोपल्यात" म्हणते, मग सकाळचे अकरा का वाजलेले असेनात. म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. विनीकडून वाचून घेऊ नका, तुम्हीच वाचा.

माझं बरं आहे. इथल्या गाला भागातल्या ऑफिसात जातो, गाड्यांच्या पार्ट्सच्या ऑर्डरी बघतो, घरी येऊन डाळभात लावतो. तुमच्या शेरॉनला जाऊन चार महिने होतील. लोक विचारतात, रडलास का? नाही रडलो. जेवतो, झोपतो, दाढी करतो. आत काही हलत नाही, एवढंच.

आमच्या मॅक्सवेलनं मागे लागून मला पोलंडला, वॉर्साला बोलावून घेतलं. त्याचं कॉलेज तिथेच. गेल्या गेल्या मी आपली शोभा करून घेतली. इथे सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे रविवारची मिस्सा आम्ही शुक्रवारी ऐकतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिथे पहिलाच दिवस शुक्रवार उजाडला. मी इस्त्रीचा शर्ट, टाय, सगळा थाट करून पोराला झोपेतून उठवलं. चर्चमध्ये चार म्हाताऱ्या, बाकी शुकशुकाट. मॅक्सवेल कानाशी म्हणाला, "डॅडी, इकडे आज वर्किंग डे आहे." शेरॉन असती तर आठवडाभर मला छळलं असतं. मी टाय सोडून खिशात कोंबला.

मग तो म्हणाला, बाहेर पडलोच आहोत तर चालू या, तुम्हाला वॉर दाखवतो. आणि दिवसभर चालवलं. त्या शहराचा लढाईत पार चुराडा झाला होता म्हणे. जुनं गाव म्हणून दाखवतात ते सगळं नंतर बांधलेलं, जुनी चित्रं समोर ठेवून. फुटपाथवर लोखंडी पट्ट्या बसवल्यात. जिच्याआड ज्यूंना कोंडलं होतं, ती भिंत तिथून जायची. पोरं त्यांच्यावरून सायकली नेतात. एका घराच्या भिंतीवर दगडी पाटी होती, इथे माणसं उभी करून गोळ्या घातल्या. खाली ताजी फुलं आणि काचेच्या भांड्यात मेणबत्ती. शेजारच्या दुकानात बाई ब्रेड घेत होती. मॅक्सवेल वाचून अर्थ सांगायचा, मी "हो का" म्हणायचो. मला काही वाटत नव्हतं. पाय तेवढे दुखत होते.

दुपारी एका म्युझियमच्या बागेत गेलो. तिथे लांबच लांब भिंत आहे, जर्मनांविरुद्धच्या उठावात मेलेल्यांच्या नावांची. नुसती नावं. मी बाकावर बसलो. मॅक्सवेल भिंतीवर बोट फिरवत गेला आणि ओरडला, "डॅडी, सी! मार्टा, म्हणजे मार्था. ग्रॅनीचं नाव!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझ्या बहिणीचंपण."

आई, हे तुम्हाला सांगायचं नाही असा शेरॉननं माझ्याकडून शब्द घेतला होता. पण आता मॅक्सवेलला कळलंय, आणि तुम्ही समजता की मी तुमची मुलगी आळसानं परक्या मातीत टाकली. स्टॅन्लीला मी सांगितलं होतं की तिला वसईला आणायच्या कागदपत्रांना वेळ लागत होता. ते खोटं होतं. कागद दोन दिवसांत झाले असते.

मॅक्सवेलच्या आधीचं मूल पोटातच गेलं, असं आम्ही कळवलं होतं. तसं नव्हतं. मुलगी सातव्या महिन्यात, मध्यरात्र उलटल्यावर झाली, उजाडेपर्यंत जगली. फादर येईपर्यंत ती टिकणार नाही असं नर्स म्हणाली, म्हणून मीच तिच्या डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा दिला. नाव शेरॉननं कधीचं ठरवलं होतं. मार्था. तुमचं. दोन दिवसांनी तेच नाव क्रुसावर घालायची वेळ आली, तेव्हा शेरॉननं माझा हात धरला. म्हणाली, "आई जिवंत आहे, आणि तिचं नाव थडग्यावर. तिला कळलं तर धसका घेईल. कधी सांगू नकोस."

इतकी वर्षं दर शुक्रवारी मिस्सा झाली की आम्ही दोघं तिथे जायचो. मॅक्सवेलला सांगायचो, बाजारात जातो. या वर्षी हॉस्पिटलात शेरॉन एवढंच म्हणाली, "मला पोरीजवळ ठेव." मी ठेवली. तुम्हाला तिचं तोंड बघायला मिळालं नाही, त्याचं मला फार वाईट वाटतं. पण आज पुन्हा तीच वेळ आली तरी मी तेच करीन.

त्या बाकावर मॅक्सवेलनं माझ्याकडून हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे मम्मी एकटी नाहीये तिथे." अडखळत, पण सगळं मराठीत म्हणाला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. रडू तेव्हाही आलं नाही.

मार्चात माझी नोकरी संपते. व्हिसा गेला की या देशात राहता येत नाही. मला वसईला यावंच लागेल, आणि त्या दोघी इथे राहतील. म्हणून विनवतो, नोव्हेंबरात मृतांच्या महिन्यात या. मॅक्सवेलही येतोय. व्हिसाचं मी बघतो, एअरपोर्टवर व्हीलचेअर मिळते, स्टॅन्ली सोबत आला तर उत्तमच. त्याला काय बोलायचंय ते त्यानं इथे येऊन बोलावं. तुम्हाला क्रुसावर स्वतःचं नाव वाचावं लागेल, त्याला माझा इलाज नाही. नावाखाली वर्षं नाहीत, एकच तारीख आहे.

शेरॉनला दिलेला शब्द मी मोडला. तिला काय सांगायचं ते मी शुक्रवारी बघेन.

तुमचा जावई,
मार्थाचा बाप,
फ्रेडरिक