आपली पित्ताची गोळी

आई गं,

उद्या तुला जाऊन वर्ष होईल. सकाळी भंतेजी येणार आहेत, गल्लीतल्या बायका येतील, आणि आत्या तर कालच कल्याणहून निरोप पाठवून मोकळी झाली, "खीर पातळ करू नका, मागच्या वेळी नुसतं पाणी होतं." त्या सगळ्यांसमोर मला तुझ्या फोटोशेजारी बसायचं आहे. आणि मला अजून रडू आलेलं नाही. म्हणून आज लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगू?

तू गेलीस त्या दिवशीही मी रडले नव्हते, आई. तुला कुणी सांगितलं नसेल, मीच सांगते. तुला बाहेर आणलं तेव्हा बायकांनी हंबरडा फोडला. मी तुझ्या पायाशी उभी. आत काहीतरी तुटतंय हे मला कळत होतं, पण ते वर येत नव्हतं. डोळे कोरडे ते कोरडेच. आत्यानं मला गदागदा हलवलं. "अगं रड की! बापाला रडलीस ना ऊर बडवून? मग आईनं काय घोडं मारलं तुझं?" नंतर मोरीपाशी ती कुणाला तरी म्हणाली तेही मी ऐकलं. "दगड हाय पोरगी. दगडाला पाझर फुटंल, हिला नाय फुटायचा."

दुसऱ्या दिवशी मी तुझा शेठकडून घरी कामाला आलेला, राहिलेला माल पुढ्यात घेतला आणि जीन्सचे धागे कापत बसले. दुसरं काय करणार होते? अर्धा गठ्ठा तसाच पडला होता, आणि तुझं कटर हातात धरलं की जरा बरं वाटत होतं. पण ते बघून गल्लीनं माझं नावच टाकलं. आई गेली आणि ही कामाला बसली!

रडू का येत नाही, ते आपल्या दोघींनाच माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

पप्पा गेले तेव्हा मी रडून रडून मोकळी झाले होते. हे दुखणं आलं ते त्यानंतर दोन वर्षांनी, काही कारण नसताना. कंपनीत पॅकिंगला जात होते, बरी होते, आणि एका सकाळी उठावंसंच वाटेना. मग आंघोळ नको, जेवण नको, कंगवा नको. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं. आत्या कुठल्याशा बाबाचा अंगारा घेऊन आली, तर तू तिला दारातच अडवलंस. "वन्सं, आपल्या भिंतीवर कुणाचा फोटो हाय ते बघा आधी, मग पुडी काढा." आणि दुसऱ्या दिवशी मला रिक्षात घालून उल्हासनगरच्या डॉक्टरांकडे नेलंस. इतकी हिंमत कुठून आणलीस गं?

पण तुझी हिंमत डॉक्टरांच्या जिन्यापर्यंतच होती. जिना चढताना डोक्यावर पदर ओढायचीस. आपल्या बुवापाड्यातलं कोण येऊन बसलं होतं तिथे? आणि ती तुझी युक्ती! एरवी शेठचा टेम्पो गल्लीत माल टाकून जायचा. पण डॉक्टरांची तारीख असली की तू त्याला आदल्या दिवशीच सांगायचीस, "भाईसाब, टेम्पो मत भेजना, मैं खुद आती." मग दवाखान्यातून निघून आपण कॅम्पात शेठकडे जायचो आणि जीन्सचा गठ्ठा डोक्यावर घेऊन परत यायचो. बायका हसायच्या. टेम्पो फुकट येतो आणि हिला ओझी वाहायची हौस! तू हसून घ्यायचीस. गठ्ठ्याच्या मधोमध, पँटींच्या घडीत, माझ्या गोळ्या असायच्या.

गोळीनं मी उठले, हे खरं. पण सुखासुखी उठले नाही. पहिले पंधरा दिवस नुसती मळमळ. मग तोंडाला कोरड, इतकी की जीभ टाळूला चिकटायची. तू माझ्या ओढणीच्या टोकाला खडीसाखर बांधून द्यायचीस. मग वजन वाढलं. तू माझ्या ड्रेसच्या शिवणी उसवत राहिलीस, आतला कपडा संपला तशी कडेला पट्ट्या जोडल्यास. घाम तर असा यायचा की लोडशेडिंग नसतानाही मी आपली पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेली. आणि हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी गोळी बदलली, कोरड गेली, थरथर राहिली.

ती थरथर आधी तुलाच दिसली. बटणं लावायचं काम आलं की सुईत दोरा ओवून द्यायला तू मला हाक मारायचीस, तुला जवळचं दिसत नव्हतं म्हणून. एकदा मी किती वेळ प्रयत्न केला, दोरा सुईच्या आजूबाजूलाच फिरत राहिला. तू सुई माझ्या हातातून काढून घेतलीस. त्यानंतर मला हाक मारायचंच बंद केलंस आणि सुई-दोरा घेऊन शेजारी कमलाकाकूकडे जायला लागलीस. मला वाईट वाटू नये म्हणून, हे मला कळत होतं. पण मला वाईटच वाटत होतं, आई.

काकूवरून आठवलं. कुणी विचारलं तर तू सांगायचीस, पोरीला पित्ताचा त्रास आहे, पित्ताची गोळी चालू आहे. सगळी गल्ली त्यावर गप्प. आणि एक दिवस काकू पोट धरून दारात! "वैनी, तुझ्या बेबीची ती गोळी दे की एक. छातीत नुसती आग पडलीया." तुझा चेहरा असा झाला की मी आत जाऊन तोंडावर उशी धरली. हसायला येत होतं. त्या वर्षातलं ते पहिलं हसू होतं बहुतेक. तू तिला "संपली, संपली" म्हणत सोडा-लिंबू पाजलंस आणि घाईघाईनं तिच्या घरापर्यंत सोडून आलीस. आलीस ती बऱ्याच वेळानं.

हसू आलं, पण रडू येत नव्हतं. हे मी तुला सांगितलं ते बदलापूरच्या पाहुण्यांच्या वेळी.

त्यांचा राग मी अजून धरलेला आहे. त्यांचा नाही, तुझा! मुलगा बरा होता, सरकारी नोकरी होती, आणि तुला एकच घोर लागला, चहाचा ट्रे. पोरीचा हात हलला, कपबशी वाजली, तर म्हणतील मुलीला काहीतरी आहे. म्हणून आठवडाभर आधीच तू माझी गोळी बंद केलीस. स्वतःच्या मनानं! मला म्हणालीस, "पाहुणे जाऊ दे, परत चालू करू. तेवढ्यानं काय व्हतंय?" व्हायचं ते झालं. मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायचं. जमीन हलायची. स्वप्नं तर अशी की झोपायची भीती वाटायची. आणि पाहुणे बसलेले असताना मी ट्रे घेऊन दारात आले आणि उंबऱ्यातच डोळ्यांपुढे अंधारी आली.

तू धावत येऊन ट्रे माझ्या हातातून घेतलास. "लाजते जरा," म्हणालीस. मुलाची मावशी म्हणाली, "लाजून चक्कर येते व्हय?" झालं. निरोप काय येणार ते तेव्हाच कळलं.

त्या संध्याकाळी डॉक्टर तुझ्यावर केवढे चिडले! "ही गोळी अशी एकदम बंद करतात का? कमी करायची तर हळूहळू, आणि मी सांगेन तेव्हा." तू शाळेतल्या मुलीसारखी मान खाली घालून उभी होतीस. परत येताना रिक्षात म्हणालीस, "पोरगी दाखवायला निघाले व्हते, पोरगीच हातची गेली असती." तेव्हा मी तुला सांगितलं. आई, मला वाईट वाटतंय, लग्न मोडलं त्याचं वाटतंय, पण रडूच येत नाही. खूप दिवस झाले, येतच नाही. गोळीनं असेल का?

तू माझा थरथरता हात तुझ्या मांडीवर घेतलास. जीन्सच्या रंगानं निळी झालेली तुझी बोटं. म्हणालीस, "नाय येत तर नको येऊ दे. तू गोळी घे. तुझ्या वाट्याचं मी रडते."

किती सहज बोललीस! मला वाटलं, बोलायची एक पद्धत असते, तसं म्हणालीस.

आणि मग काय केलंस? माझ्यासाठी उल्हासनगरच्या खेपा घातल्यास आणि स्वतःच्या छातीत दुखायला लागलं तर गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यापर्यंत गेली नाहीस. "पित्त वाढलंय गं," म्हणालीस. सोडा-लिंबू घेतलंस आणि भिंतीला टेकून बसलीस. तू इतक्या लोकांना पित्त सांगितलंस की शेवटी तुझं तुलाच खरं वाटलं का? मी रिक्षा घेऊन येईपर्यंत तरी थांबायचं होतंस.

आता जे सांगणार आहे त्याला रागावू नकोस. मी गोळी बंद केली होती. आठवडा झाला. उद्यासाठी. आत्यासमोर तरी रडू यावं, तुझ्या फोटोसमोर तरी यावं, तुला जाऊन एक वर्ष झालं आणि तुझी मुलगी दगडासारखी बसली असं नको दिसायला. तू ट्रेसाठी जे केलंस तेच मी रडण्यासाठी केलं. शेवटी मुलगी कुणाची?

रडू आलं नाही. करंट आले. आज दुपारी कमलाकाकू उद्यासाठी किती दूध सांगायचं ते विचारायला आली आणि तिच्याशी बोलता बोलता मी मान वळवली, तशी भिंत धरून खालीच बसले.

काकूनं माझा चेहरा नीट बघितला. "गोळी घेतलीस का आज?"

"कुठली गोळी?"

"पित्ताची," काकू म्हणाली. मग तिलाच हसू आलं. "अगं, मला ठावं हाय. मी मागायला आले व्हते ना, तवाच कळलं. तुझी आई मला घरी सोडायला आली आन् माझ्याच दारात रडाय लागली. खोटं बोलवंना तिला. सगळं सांगितलं."

मी म्हटलं, "काकू, ती तर तुझ्याकडे सुईत दोरा ओवून घ्यायला यायची."

"दोरा ओवाय किती येळ लागतो गं? सुईचं निमित्त. यायची, दार लोटायची, पोटभर रडायची. मग तोंड धुवायची, दोरा ओवून घ्यायची आन् जायची. मी म्हणायची, वैनी, पोरीसमोर रड की, तिला बी कळू दे. तर म्हणायची, नाय, तिच्या वाट्याचं हाय, ते तिच्यासमोर कसं रडू?"

आई! मी भिंतीपलीकडेच होते गं. पुठ्ठ्यानं वारा घेत, तुला दोरा ओवून घ्यायला एवढा वेळ का लागतो म्हणून चिडत.

काकूनं पाणी आणलं आणि गोळी माझ्या तळहातावर ठेवली. मी म्हटलं, उद्या रडले नाही तर? ती म्हणाली, "तुझी आई काय उद्या येऊन डोळं तपासणार हाय तुझं? तिला तू जिती पायजे व्हतीस, रडकी नाय." मी गोळी घेतली. काकू समोरच उभी राहिली, तू राहायचीस तशी, तोंड उघडून दाखवेपर्यंत हलली नाही. मग पीसीओवरून मी दवाखान्यात फोन केला आणि आठवडाभर काय करून ठेवलंय ते सांगितलं. डॉक्टर ओरडले. परवा बोलावलं आहे.

काकूचा माझ्यासोबत येण्याचा विचार होता. मी म्हटलं एकटीच जाते. आणि येताना गठ्ठा आणणार नाही, शेठचा टेम्पो येऊ दे.

मला तुझी आठवण येते, आई. रोज येते. संध्याकाळी गोळीच्या वेळी तर इतकी येते की पाण्याचा ग्लास हातात तसाच राहतो. डोळ्यांत येत नाही म्हणून ती नाही असं नाही ना? तुला तरी हे सांगायला नको. तुला कळतंच.

तर आता माझा शब्द ऐक. गोळी मी माझ्या मनानं पुन्हा बंद करणार नाही. डॉक्टर एक दिवस कमी करतील, हळूहळू, आणि मग कधीतरी रडू येईल. कुठे येईल कोण जाणे, रिक्षात येईल, जिन्यावर येईल. आलं की येऊ देईन, पदर ओढणार नाही.

आणि उद्या बायका बसल्या की चहाचा ट्रे मीच घेऊन जाणार आहे. हात हलणार, कपबश्या वाजणार. आत्या विचारेलच, काय गं, हात का थरथरतोय? मी तिला कप देईन आणि सांगेन. पित्त म्हणणार नाही.

तू मात्र उद्या ट्रे घ्यायला उठू नकोस.

तुझी,
बेबी