सिनेमातली हाक

॥ श्री ॥
येलहंका, बेंगळूरु
१५ जानेवारी २०२५

ती. गोदूअक्कास,
धाकट्या महानंदाचे शि. सा. न.

तिळगूळ वेगळा पाठवला आहे, डबा परत पाठवायच्या भानगडीत पडू नकोस. कानाचं नवं यंत्र तू ट्रंकेत टाकलंस हे वाचून हसू आलं आणि रागही आला. श्रीवत्सनं किती हौसेनं आणलं होतं! पण ते कानात शिट्ट्या मारतं म्हणतेस, तर राहू दे. फोनवर तुला माझं काही ऐकू येत नाही आणि व्हिडिओवर तू नुसती मान हलवत बसतेस. त्यापेक्षा आपली पत्रंच बरी.

आता एक गंमत सांगते. मी सिनेमात आहे! दिसणार नाही, नुसती ऐकू येणार आहे. म्हणजे नेमकी तुझ्या काहीच उपयोगाची नाही.

झालं असं, की आमच्या मंडळाच्या कोजागिरीला अनुषा म्हणून एक मुलगी आली होती. ती एचएसआर लेआउटमधल्या एका स्टुडिओत सिनेमाच्या आवाजाचं काम करते. काही वर्षांपूर्वी भर बाजारात स्फोट झाले होते ना, आपण सगळे दिवसभर टीव्हीपुढून हललो नव्हतो, त्यावर सिनेमा निघाला आहे. तिकडची माणसं मराठी बोलणारी, म्हणून गर्दीतले आवाज मराठी हवेत. इथं मराठी बायका कुठून आणायच्या, तर आम्ही मिळालो. जमनाबाई, मी आणि आणखी चौघीजणी गेलो. कॉफी छान होती.

एका खोलीत गाद्या लावलेल्या भिंती, समोर पडद्यावर नुसता धूर. अनुषा म्हणाली, स्फोट झालाय, तुमचं माणूस दिसत नाहीये, हाक मारा. जमनाबाईंनी ‘बाळा, बाळा’ केलं, ते अगदी मांजराला बोलावल्यासारखं झालं. आम्ही हसत सुटलो. मग माझी पाळी आली. मी काय ओरडले ते मला खरंच आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा कुणी हसत नव्हतं. अनुषानं स्वल्प थांबा म्हणून खूण केली, पाणी आणून दिलं आणि सांगितलं, की पुन्हा करायची गरज नाही.

येत्या आठवड्यात सिनेमा लागतो आहे. ह्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय म्हणून हे येणार नाहीत. श्रीवत्स आणि आश्लेषा, लेक-सून दोघं मला नेणार आहेत. तिकडं तांबड्या गाजराचा हलवा एकटीनं संपवू नकोस, साखर वाढेल.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
महानंदा

॥ श्री ॥
निपाणी
२१ जानेवारी २०२५

सौ. महानंदा हिस,
गोदूचे अनेक आशीर्वाद.

तिळगूळ मिळाला. स्वल्प कडक झालाय, पण दात अजून माझे आहेत, त्यामुळे चालून गेला.

सिनेमानटी झालीस, अभिनंदन. लहानपणी तुला विहिरीवरून हाक मारायला सांगितली, की शेजारच्या मळ्यातले बैल उभे राहायचे, तो गळा अखेर कामी आला म्हणायचा. पण काय ओरडलीस ते आठवत नाही हे मला पटत नाही. आपणा बायकांना नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागतो. तू संधी साधून गाद्यांच्या खोलीत दयानंदरावांना नावानं हाक मारली असशील आणि आता लपवते आहेस. बघून आल्यावर खरं काय ते कळव. मी शेजारच्या तानूबाईंना विचारलंय, इथं लागला तर मीही जाईन. ऐकू आलं नाही तरी माझी बहीण त्यात आहे असं सांगता तरी येईल.

श्रीवत्सला त्याच्या ऑफिसनं पुण्याला जायला सांगितलं होतं, त्याचं काय झालं? मागच्या दोन्ही वेळेस तुमच्यासाठी तो नाही म्हणाला. असा मुलगा शोधून मिळायचा नाही. त्याला माझे आशीर्वाद सांग.

अशीच आठवण ठेव.
गोदू

॥ श्री ॥
येलहंका
२६ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न.

काय लिहू तेच सुचत नाही. सिनेमा बघून परवा आलो आणि घरात सगळं नेहमीसारखं चाललंय, फक्त नेहमीसारखं काही नाही.

थिएटर भरलेलं होतं. नटाच्या एन्ट्रीला पोरं शिट्ट्या मारत होती, शेजारचा माणूस मोठा डबा घेऊन मक्याच्या लाह्या खात होता. मला वाटलं, माणसं मेली त्याच्या सिनेमाला लोक असे लाह्या खात बसतात! आणि मी स्वतः नवी साडी नेसून गेले होते. मग स्फोट झाला. धूर, मग एकदम शांत, आणि त्या शांततेत एक बाई ओरडली, ‘हर्षऽऽ!’ पुन्हा एकदा, ‘अरे हर्षऽऽ!’ माझाच आवाज, पण मला ओळखू यायला वेळ लागला. शिट्ट्या मारणारी पोरं गप्प झाली. पुढच्या रांगेतल्या बाईनं पदर तोंडात धरला.

मी खुशीत श्रीवत्सकडं वळले, की बघ, तुझी आई. तो पडद्याकडं बघत होता. तसाच शेवटपर्यंत बसला.

अक्का, तुला खोटं कशाला सांगू, ह्यांचंही नाव घेतलं नाही आणि श्रीवत्सचंही नाही. मी थोरल्या हर्षला हाक मारली. जो कॅनडात आहे, जो महिन्यातून एकदा फोन करतो आणि त्यातही हवामान सांगतो! त्याला कळवलं तर तो हसला, तेवढी क्लिप पाठव, फोनची रिंगटोन करतो म्हणाला. आणि जो माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आठवणीनं आणतो, त्याचं नाव माझ्या तोंडी आलं नाही. का आलं नाही? मी तेव्हापासून स्वतःला विचारते आहे आणि मला काही सापडत नाही.

मी त्याला समजवायला गेले, की दृष्टीआड आहे त्यालाच हाक मारतात, तू तर समोरच असतोस. तो कानडीत ‘सरी, सरी’, बरं बरं, म्हणाला आणि आंघोळीला गेला. काल आश्लेषानं सांगितलं, की पुण्याला जायचं त्यानं या वेळी नाकारलं नाही, विचार करून सांगतो म्हणाला. आणि वर आणखी एक खुपतंय. त्या खऱ्या बाजारात खऱ्या आयांनी कुणाकुणाची नावं घेतली असतील. त्यांच्या जागी मी माझं गाऱ्हाणं घुसवून आले का?

तूच त्याला चार ओळी लिही. माझ्याशी तो गोड बोलतो, तेच मला सहन होत नाही.

रागावू नकोस, माझ्यावर लोभ ठेव.
महानंदा

येलहंका
३ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस,
श्रीवत्सचा सा. न.

तुझं पत्र मिळालं. कित्येक वर्षांनी हातानं मराठी लिहितोय, वेलांट्या चुकल्या तर आईला दाखवू नकोस.

तू विचारलंस, आईवर रागावलास का. मावशी, मी छत्तीस वर्षांचा आहे. सिनेमातल्या हाकेवरून रागावणारा माणूस मी नाही, असं मला वाटत होतं. हेब्बाळला ऑफिसमध्ये सगळ्यांनी तो सिनेमा पाहिलाय. जेवायच्या टेबलावर रोज वाद. एकजण म्हणतो, असं सगळं दाखवायलाच हवं, दुसरी म्हणते, ज्यांच्या घरचे गेले त्यांना विचारलं का. पण ती हाक आली की सगळे एक होतात. अंगावर काटा आला म्हणतात. ती माझ्या आईची आहे हे मी अभिमानानं आधीच सांगून ठेवलं होतं. आता प्रत्येकजण विचारतो, हर्ष कोण. मी सांगतो, मोठा भाऊ. मग ते विचारतात, तो त्या स्फोटात होता का. मी नाही म्हणतो, तो टोरंटोला असतो. मग सगळे आपापल्या डब्यात बघतात.

एवढी माणसं खरोखर मेली आणि मी आईनं कुणाचं नाव घेतलं याचा हिशेब करतोय, याची मला लाज वाटते. तरी रात्रंदिवस तेच कानात वाजतं. आई आयुष्यात मला कधी अशी ओरडली नाही. मला ती ‘जरा येतोस का रे’ म्हणते. मी लगेच जातो, म्हणून ओरडायची वेळ येत नसेल.

पुण्याचं उत्तर महिनाअखेर द्यायचं आहे. तिथली जागा चांगली आहे, आश्लेषाचं माहेरही तिथंच. जावं असं मला खरंच वाटतंय, की नुसता रुसून जातोय, हे मला उमगत नाही. तुला उमगलं तर कळव.

तब्येतीला जप आणि यंत्र ट्रंकेतून काढ.
तुझा,
श्रीवत्स

॥ श्री ॥
निपाणी
८ फेब्रुवारी २०२५

सौ. महानंदास,
अनेक आशीर्वाद.

सिनेमा पाहिला. तानूबाईंना सांगून ठेवलं होतं, की माझ्या बहिणीचा आवाज आला की चिमटा काढा. त्यांनी चिमटा कसला काढला, माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. मला तर काहीच ऐकू आलं नाही, म्हणून मी पडदा सोडून लोकांकडं बघितलं. माझ्या पलीकडं एक आई होती, तिनं शेजारच्या खुर्चीतलं पोर ओढून मांडीवर घेतलं. पोराच्या लाह्या सांडल्या, ते कुरकुरलं. मागं वळले तर एक म्हातारा डोळे पुसत होता. त्यांना हर्ष कोण आणि श्रीवत्स कोण, काय ठाऊक? ज्याला त्याला आपलं माणूस आठवलं. तू कुणाची जागा घेतलीस असं मला वाटत नाही.

पण श्रीवत्सचं दुखणं वेगळं आहे आणि त्याला माझ्याकडं औषध नाही. त्याचं पत्र आलं होतं, काय लिहिलंय ते सांगणार नाही. तू त्याला समजावणं मात्र बंद कर. दृष्टीआड वगैरे जे सांगितलंस ते सुचल्यावर सांगितलंस, ओरडताना तुझ्या मनात तसलं काही नव्हतं. पोरांना एवढं कळतं.

दयानंदरावांचा सिनेमा राहिलाय ना? डोळा बरा झाला असेल तर श्रीवत्सलाच त्यांना न्यायला सांग आणि तूही बरोबर जा. तोंड चुकवून बसण्यापेक्षा एकत्र बसा, पुढचं पुढं.

आहे तो जिव्हाळा टिकव.
गोदू

॥ श्री ॥
येलहंका
१७ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न.

तुझं ऐकून आम्ही चौघं शनिवारी गेलो होतो, आणि जे झालं ते ऐकून तू कपाळाला हात लावशील. घाबरू नकोस, सगळे धड आहेत.

सिनेमात माझी हाक येऊन गेली. ह्यांनी अंधारात माझा हात दाबला, एवढं लक्षात आहे. थोड्या वेळानं खरीखुरी धोक्याची घंटा वाजायला लागली. बाहेर लाह्यांचं यंत्र करपून धूर झाला होता, पण ते नंतर कळलं. आत सगळे दोन तास स्फोट बघत बसलेले, त्यांना दुसरं काय सुचणार? कुणीतरी कानडीत पळा म्हणून ओरडलं आणि सगळे उठलेच. ह्यांना अजून नीट दिसत नाही, म्हणून श्रीवत्सनं ह्यांना कवेत धरून बाहेर काढलं. आश्लेषा त्यांच्यापुढं होती. मी मागं राहिले. लोकांनी मला भिंतीशी लोटलं, चप्पल गेली, चष्मा गेला, कुणाचं कोपर छातीत बसलं. मला वाटलं, संपलं. मी ओरडले.

आणि अक्का, तो आला. वडिलांना आश्लेषाकडं सोपवून, सगळे बाहेर येत असताना एकटा आत घुसत आला. माझ्या दंडाला धरलं आणि चल म्हणाला. बाहेर पायरीवर बसवून पाणी दिलं. मी लहान मुलीसारखी रडले, मला लाजही वाटली नाही.

रात्रीचं जेवण वाढताना मी त्याला भीत भीत विचारलं, की मी काय ओरडले होते. तो म्हणाला, हर्ष. या वेळीही, अक्का! जीव जायची वेळ आणि माझ्या तोंडून या वेळीही तेच नाव आलं. मला भांडं खाली ठेवावं लागलं. मी त्याला विचारलं, मी हर्षला बोलावत होते तर तू का आलास. तो जेवता जेवताच म्हणाला, की लहानपणापासून घाईत तू मला हर्षच म्हणतेस, आणि इथं तुझ्या हाकेला यायला दुसरं आहे तरी कोण. तो हसत म्हणाला की दुखावून, तेही मला कळलं नाही.

मग मीच त्याला म्हणाले, की तू पुण्याला जा. एका हाकेसाठी तू जन्मभर इथं थांबावंस असं मला वाटत नाही. मनापासून म्हणाले, रागानं नाही. त्याचा घास हातातच राहिला. त्यानं माझ्याकडं बघून विचारलं, की मग तू हाक कुणाला मारशील.

मी त्याला आणखी भात वाढला.

तुझी माया मला आता जास्तच लागणार आहे, ती असू दे.
महानंदा