कोरीव पायऱ्या

१४ नोव्हेंबर

दादास,

नमस्कार. साष्टांग राहू दे, आज कंबर वाकत नाही. इकडे सगळे ठीक. बाळ पालथं पडायला लागलंय, सासूबाईंचा गुडघा बरा आहे. फोन केला नाही, कारण फोनवर तू "अगं चिमणे, ऐक तरी" म्हणतोस आणि मी गाढवासारखी ऐकून घेते. आज तू ऐक.

काल वहिनी येऊन गेली. एकाच पिशवीत बाळाची झबली आणि तुझा लेख. "हे म्हणाले, वाचून ठेव, शुक्रवारी परिषदेत मांडायचाय." वाचला. लेखक चार, त्यात मी नाही. मी कुठे, तर शेवटी आभारात, वीज विभाग आणि ग्रंथालयाच्या मधोमध. "प्राथमिक उभारणीतील मदतीबद्दल." मदत! अरे, त्या पोलादी भांड्यातली हवा उपसून उपसून ते निर्वात केलं कोणी? एवढं पोट घेऊन, टेबलावर ओणवी होऊन आरसे कोणी जुळवले? अणू पहिल्यांदा गार होऊन एका जागी थांबले, तेव्हा तू कुठल्याशा समितीत चहा पीत होतास. मीच फोन करून बोलावलं तुला.

आणि रजेवर गेले तर म्हणे, "चिमणे, आता बाळाकडे बघ, यंत्राची काळजी करू नकोस." केवढी ती माया! मायेच्या नावाखाली माझ्या सगळ्या कामावर बोळा फिरवलास. आईला सांगितलं तर ती म्हणते, "भाऊच आहे ना, परका का आहे?" परका असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

असो. नावाचं रडगाणं गायलाच बसले होते, पण सांगायचंय ते वेगळंच, आणि तिथे यायला मघापासून पेन रेंगाळतंय.

दादा, तुझ्या पायऱ्या खोट्या आहेत.

एका वाटीतले अणू चिंचोळ्या वाटेने दुसऱ्या वाटीत जातात, आणि वाट पाडणाऱ्या प्रकाशाचा जोर वाढवत नेला की प्रवाह एकसारखा न वाढता पायरी पायरीने वाढतो. हेच बघायला तर आपण एवढा खटाटोप मांडला. पण तुझ्या आकृतीतल्या पायऱ्यांच्या कडा बघ. सुरीने कापल्यासारख्या! आपले अणू किती गार आहेत ते मला तोंडपाठ आहे. कितीही केलं तरी थोडी ऊब राहतेच, आणि त्या उबेने कडा गोलावतात. मग या इतक्या कोरीव निघाल्या कशा?

आज सकाळी बाळाला काखोटीला मारून प्रयोगशाळेत गेले. किल्ली अजून माझ्याकडे आहे. प्रकाशाचा जोर ठरवणारी माझी जुनी पेटी काढून तू नवी बसवलीस, छान चकचकीत. प्रकाशाच्या वाटेत मापक धरला आणि बटण हळूहळू फिरवलं. प्रकाशच उड्या मारत वाढतोय! अणू बिचारे त्याच्यामागून फरपटत जाताहेत. चौघांपैकी एकालाही हे तपासावंसं वाटलं नाही?

खरं सांगू? तिथेच स्टुलावर बसून हसले. म्हटलं, बरं झालं, भर सभेत पडू दे तोंडघशी. आभारातल्या माणसाला कोण विचारतंय! घरी आले, बाळाला पाजलं, तरी मनात तेच. मग मात्र डोकं भडकलं. ते यंत्र माझं आहे रे. त्याच्या तोंडून कोणी खोटं वदवलेलं मला खपणार नाही, मग त्यात तुझी फजिती बघायला मिळणार असली तरी.

तेव्हा शुक्रवारी बोलू नकोस. आता माझं नाव पहिलं घालतो वगैरे लाडीगोडी नको, आभारातलंही खोड. सोमवारी मी कामावर येतेय. जुनी पेटी कपाटात असेल तर काढून ठेव, भंगारात दिली असशील तर शोधून आण. आणि तिथे चारचौघांत मला चिमणे म्हणायचं नाही.

ऐकलं नाहीस तर मी पहिल्या रांगेत बसेन, बाळाला मांडीवर घेऊन. "कोणाला काही प्रश्न?" म्हणतील तेव्हा हात वर करेन. तुझं उतरलेलं तोंड मला बघवणार नाही, पण हात खाली घेणार नाही.

वहिनीला सांग, झबली अगदी मापाची आहेत.

बहीण तर आहेच. पण आज सही करतेय ती
यंत्र उभं करणारी