कार्ल्याच्या बांधावरचा वर्ग

प्रिय सर,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला. पण दुसरं काही लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि खोट्यावरूनच तर आपलं बिनसलं.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. गेल्या रविवारी कॉलेजात तुमची शोकसभा झाली. मी शेवटच्या बाकावर बसले होते. आपल्या वर्गातले वामनराव आठवतात ना? आता तेच तुमच्या जागी शिकवतात. ते बोलायला उठले आणि म्हणाले, "सरांनी आम्हाला अर्थशास्त्र कार्ल्याच्या बांधावर शिकवलं. पुढे दरवर्षी ते प्रत्येक वर्गाला तिथं नेत. कॉलेजला त्याचा अभिमान आहे."

दरवर्षी, सर?

मला हे माहीतच नव्हतं. सभा संपल्यावर मी लोणावळ्याची गाडी पकडली. घरी येऊन अब्बांना सगळं सांगितलं. त्यांनी समोरची हिशेबाची वही मिटली. मग म्हणाले, "त्यांना पत्र लिही."

"गेलेल्या माणसाला?"

"मग काय झालं? जिवंतपणी तरी त्यांनी कुठं उत्तर दिलं होतं?"

म्हणून लिहायला बसले.

आमच्या किराणा दुकानात तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस आठवतो? हवापालटासाठी लोणावळ्याला उतरला होतात. मी आतून कुणाला तरी व्याजाचं गणित समजावून सांगत होते आणि तुम्ही काडेपेटी घ्यायची विसरून ऐकत उभे राहिलात. मॅट्रिक झालेली मुलगी घरी बसली आहे हे कळल्यावर चार दिवस रोज येत राहिलात. अब्बा म्हणायचे, "प्रोफेसरसाहेब, आमच्यात कॉलेजात कुणी मुलगी गेलेली नाही. लोक काय म्हणतील?" शेवटी तुम्ही म्हणालात, "शेठ, माझ्या वर्गात ती माझी जबाबदारी." त्या एका वाक्यावर अब्बांनी मला पुण्याला खालाकडे, म्हणजे माझ्या मावशीकडे, राहायला धाडलं. मोहल्ल्यातल्या चार जणांशी त्यांचं बोलणं तुटलं, हे तुम्हाला कधी कळलं का?

आणि काय शिकवायचात तुम्ही! बाकीचे प्रोफेसर खुर्चीत बसून स्वल्पविरामासकट नोट्स सांगायचे आणि आम्ही मान मोडून उतरवून घ्यायचो. तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, "वह्या मिटा." प्रश्न विचारून तुम्ही नुसते उभे राहायचात. कुणी बोललं नाही तरी स्वतः उत्तर द्यायचा नाहीत. ती शांतता असह्य व्हायची आणि मग कुणीतरी तोंड उघडायचंच. इंग्रजी व्याख्या पाठ म्हणून दाखवली की तुम्ही म्हणायचात, "छान. आता शेजारच्याला मराठीत सांग." तिथं भल्याभल्यांची गाडी अडायची! वर्षानुवर्षं पाठांतर करून आलेलो आम्ही. आपल्याला काहीच कळलेलं नाही, हे कळायला तुमचा वर्ग लागला.

घटत्या उत्पन्नाचा नियम काही केल्या आमच्या डोक्यात शिरत नव्हता. पुस्तकात इंग्लंडातला गव्हाचा मळा होता. तो आम्ही कुणी पाहिला होता? तुम्ही म्हणालात, "चला, भात बघू." आपण सगळे मळवलीला उतरून चिखल तुडवत कार्ल्याला गेलो. मी एकटी मुलगी, म्हणून सोबतीला खाला. धोंडूभाऊंच्या खाचरात लावणी चालली होती. तुम्ही त्यांना हात जोडलेत आणि म्हणालात, "भाऊ, आज तुम्ही मास्तर. एका खाचरात किती बायका लावता?"

धोंडूभाऊ लाजले, मग खुलले. "चार लावल्या तर सांज हुती. आट लावल्या तर दुपारीच उरकतं. म्हनून सोळा लावाल, तर एकमेकीच्या पायावर पाय. रोपं तुडवत्यात, गप्पा हानत्यात. मानसं वाढली म्हनून खाचर वाढत न्हाई, मास्तर."

आम्ही बघतच राहिलो. आणि इरलं पांघरून बांधावर बसलेली माझी खाला, शाळेची पायरी न चढलेली, मधेच म्हणाली, "स्वैपाकघरातही तेच की. दोन जावा असल्या तर काम पटापट होतं. तिसरी आली की भाजीत मीठ दोनदा पडतं."

तुम्ही टाळ्या वाजवल्यात! म्हणालात, "बाई, पुस्तकाची चार पानं तुम्ही एका वाक्यात सांगितलीत." खाला पुढे महिनाभर ते घरोघरी सांगत होती.

रविवारी वामनरावांनी ते मिठाचं वाक्य सभेत सांगितलं. "सर नेहमी म्हणत," असं म्हणून. सभागृह हसलं. माझ्या खालाचं वाक्य, सर. ते सांगताना तुम्ही कधी तिचं नावही घेतलं नाहीत?

सहामाहीच्या पेपरात तो प्रश्न आला. मी उत्तर इंग्रजीतच लिहिलं, पण गव्हाचा मळा सोडून धोंडूभाऊंचं खाचर लिहिलं. नियम बरोबर होता, मांडणी बरोबर होती. इतकं आनंदाने मी कधी काही लिहिलं नव्हतं. तुम्ही वाचाल आणि हसाल, असं मनात होतं. पण त्या वर्षी पेपर प्रिन्सिपॉलसाहेबांनी स्वतः तपासायला घेतले होते.

सोमवारी मला बोलावणं आलं. "ही थट्टा आहे का? हे कोणत्या पुस्तकात आहे?"

मी म्हटलं, "सरांनी शिकवलं. कार्ल्याला."

त्यांनी शिपायाला पाठवून तुम्हाला बोलावून घेतलं. तुम्ही दारातून आत आलात तेव्हा मला हायसं वाटलं. आता सर सांगतील, आणि कदाचित साहेबांनाही तो बांध बघावासा वाटेल! इतकी मी खुळी होते.

तुम्ही म्हणालात, "मी नेमलेलं पुस्तकच शिकवतो. कार्ल्याची सहल निसर्ग पाहण्यासाठी होती." आणि मग हळूच, जणू माझी बाजू घेत असल्यासारखं म्हणालात, "मुलगी कल्पक आहे."

कल्पक! सर, तुम्ही मला सरळ खोटारडी म्हणाला असतात तर मी भांडले तरी असते. त्या गोड शब्दावर काय बोलणार?

प्राध्यापकाच्या नावावर खोटं खपवल्याबद्दल लेखी माफी दे, नाहीतर नाव काढून घे, असं साहेब म्हणाले. माफी मी लिहिली नाही. वर्गात सगळ्यांना खरं माहीत होतं. वामनरावांनाही. एकानेही मान वर केली नाही. त्यांना मी दोष देत नाही. तुम्हीच जिथं गप्प, तिथं ती मुलं काय बोलणार?

खोटं बोलल्याबद्दल माझं नाव काढल्याचं कॉलेजचं इंग्रजी पत्र घरी आलं. अब्बांना इंग्रजी येत नाही. ते त्यांनी स्टेशनातल्या बाबूकडून वाचून घेतलं, म्हणजे दिवे लागायच्या आत सगळ्या बाजाराला कळलं. अब्बा मला म्हणाले, "खोटं का बोललीस?"

"नाही बोलले."

"मग प्रोफेसरसाहेब खोटं बोलले? ते का बोलतील?"

तुम्ही का बोललात हे विचारायला मी तुम्हाला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. आमच्या गल्लीतली खातून तेव्हा सातवीत होती. शिकल्यावर मुली अशा होतात म्हणून तिची शाळा सुटली ती सुटलीच. परवा भेटली, पाच लेकरं आहेत तिला. मला अजून 'कॉलेजवाली' म्हणते.

अब्बा वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. मग एक दिवस धोंडूभाऊ मीठ न्यायला दुकानात आले. "शेट, तुमची ल्येक कुटं हाय? तिच्या मास्तरानं मला बांधावर उभं करून लेक्चर द्यायला लावलं व्हतं. म्हनला, आज तुमी मास्तर. लय हसलो आमी त्या दिशी!"

अब्बा भर गिऱ्हाइकीत तराजू खाली ठेवून आत आले. माझ्यासमोर जमिनीवर बसले. "जुलू, माझी चूक झाली." एवढंच म्हणाले आणि रडले. बापाला रडताना पाहिलं, ते तुमच्यामुळे.

दुसऱ्या दिवशी ते तुमच्या घरी आले होते. तुम्ही त्यांना चहा दिलात आणि खरं सांगितलंत. "शेठ, त्या महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती." अब्बांनी चहा घेतला नाही.

ते कारण मला कळलं, सर. बायको-मुलं होती, नोकरी कच्ची होती. भीती मीही ओळखते. त्यावर मी मनाची कशीबशी समजूत घातली होती. घरी अभ्यास करून परीक्षा दिल्या, एम.ए. झाले, आता मुलींच्या कॉलेजात शिकवते. पण रविवारी कळलं की नोकरी कायम झाल्यावर तुम्ही तोच वर्ग उजळ माथ्याने घेत होतात. मग तेव्हा एकदा लोणावळ्याला का उतरला नाहीत? मळवलीच्या पुढचंच तर स्टेशन! दुकानात येऊन "शेठ, पोरगी खरं बोलत होती" एवढं चारचौघांत म्हटलं असतंत, तर तुमचं काय गेलं असतं?

सगळ्यात राग कशाचा येतो, सांगू? मी अगदी तुमच्यासारखी शिकवते. वह्या मिटायला लावते, प्रश्न विचारून गप्प उभी राहते. एखादी मुलगी आपलं आपण बोलायला लागते तेव्हा जो आनंद होतो, तो तुम्हीच मला दिलेला आहे. तुमचं शिकवणं टाकून द्यावं म्हटलं, पण त्याहून चांगलं मला दुसरं सापडलं नाही.

सभेनंतर वामनराव जवळ आले. "स्मरणिकेत सरांच्या शिकवण्यावर दोन पानं तू लिही. तू त्यांची लाडकी होतीस." मी हो म्हटलं. मी लिहीन, सर. तुमची सगळी पद्धत लिहीन, हात आखडता न घेता. धोंडूभाऊंचं आणि खालाचं नाव लिहीन. आणि तो सोमवारही लिहीन. छापायचं की नाही हे वामनरावांनी ठरवावं.

पावसाळ्यात मी माझ्या वर्गाला नवलाख उंबरे गावी नेणार आहे, भाताची लावणी बघायला. निघण्याआधी आमच्या प्रिन्सिपॉलबाईंना लिहून देईन: तिथं मुली जे शिकतील ते मी शिकवलेलं असेल, आणि पेपरात ते दिसलं तर आधी मला बोलवा. माझ्या अक्षरात, माझ्या सहीने, असं वचन देते. माझीही नोकरी अजून कच्ची आहे. वेळ आली तर मी त्या खोलीत खरं बोलेन का, हे आज छातीठोकपणे सांगता येत नाही. तुम्हालाही दारातून आत येईपर्यंत माहीत नसेल. म्हणून तर आधीच लिहून देणार आहे.

तुमच्याच वर्गातली,
जुलेखा