‘बूर’ शब्दाचा अर्थ

बा, परवा शाळेत मी पार हादरून गेलो, आणि ज्याला सांगायचं तो तूच आता या जगात नाहीस. मी शिकवतो त्या कर्जतच्या शाळेत इंग्रजीचा नवा जाडजूड कोश आलाय. शब्द कुठून आला, आधी त्याचा अर्थ काय होता, सगळं त्यात दिलंय. मधल्या सुट्टीत चाळत होतो, तर तो शब्द समोर आला. बूर. माथेरानच्या हॉटेलात एक गोरी मड्डम तुला बोलली होती तो.

भाताची झोडणी उरकली की तू त्या हॉटेलात पाणी भरायला जायचास. तिथे पहिल्यांदाच गेलास त्या साली, न्हाणीचं पाणी घेऊन निघालास आणि लांबूनच खणखणीत आवाज दिलास, आपल्या गावात, पोशीरला, कुणाच्याही अंगणात शिरताना द्यायचास तसा. आपल्याकडे मुकाट्याने दारात येऊन उभा राहतो तो चोर, नाहीतर वाघ. बायामाणसांना पदर सावरता यावा म्हणून भला माणूस आधी हाक देतो. मड्डम दचकली, हातातली कपबशी फुटली आणि ती तुला तो शब्द बोलली. तो तोंडात घोळवत तू डोंगर उतरलास आणि मला म्हणालास, “इंग्रजी शिकतोस न्हवं? याचा अर्थ काय रं?” मी मास्तरांना विचारून आलो. असभ्य माणूस, रीतभात नसलेला, असं त्यांनी सांगितलं, तेच मी तुला सांगितलं. “मी तर आवाज देऊन ग्येलो,” एवढंच म्हणालास.

त्या दिवसापासून तू आवाज देणं सोडलंस. बांधावरून हाक मारायची तिथे चिखल तुडवत जवळ जायचास. चुलीपाशी आईच्या मागे येऊन उभा राहायचास, आणि ती किंचाळायची. काका चेष्टा करायचा, आमचा दादा साहेब झाला म्हणून. तू हसायचास, पण बोलायचास हळूच. बैलांशीसुद्धा हळू. गावाला वाटलं, तुझ्या छातीत काही दुखणं आहे. मरेपर्यंत तू तसाच राहिलास.

आणि कोशात काय लिहिलंय ठाऊक आहे? शेतकरी. बूर म्हणजे आधी नुसता शेतकरी, बा! माझा विश्वासच बसेना. मग झपाटल्यासारखा पानं उलटत सुटलो. व्हिलन म्हणजे बदमाश, तो मुळात जमीनदाराच्या शेतात राबणारा गडी. चर्ल म्हणजे आडदांड, तो आधी साधा कुळवाडी. व्हल्गर म्हणजे ओंगळ, मुळात चारचौघांसारखं. सॅव्हेज म्हणजे क्रूर, तो मुळात फक्त रानातला, आपल्या डोंगरातल्या ठाकर आदिवासींसारखा. एकेका शिवीच्या पोटात आपलीच माणसं! तळपायाची आग मस्तकात गेली. त्या साहेबलोकांना चार शिव्या हासडाव्यात म्हणून तोंड उघडलं, तर ओठांवर आपलेच शब्द आले, गावंढळ, रानटी. आपण तरी काय वेगळं केलंय? मी गारच पडलो.

शनिवारी पोशीरला जाऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबवून म्हणाली, “शेतकरीच म्हनली व्हय? मंग त्यांनी कशापायी त्वांड मिटलं?” त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नव्हतं, हे तुला कुणी सांगितलंच नाही. कोशच नव्हता, सांगणार तरी कोण? इतका संताप येतो, आणि तो काढायला समोर कुणी नाही. आई मग तुझंच बोलत बसली. लावणीच्या दिवसांत तुझी हाक नदीपलीकडे जायची, घरात बसून तिला कळायचं, भाकरी न्यायची वेळ झाली. ती हाक तिला अजून ऐकू येते म्हणे.

हा कागद कुठे धाडायचा? घडी करून ठेवून देईन. आईजवळ बोललो नाही ते एक तुला सांगतो. तिचं ऐकून मी डोळे मिटून खूप आठवून पाहिलं. तुझं ते हळू बोलणं आठवतं, शब्द न् शब्द आठवतो. पण हाक काही आठवत नाही, बा.