कंपनी बदलून काय मिळालं, असं विचारणाऱ्या क्लिफर्डला

स्किप्टन,
बुधवार, जानेवारीची अखेर

प्रिय क्लिफर्ड यास,

थोरला भाऊ म्हणून तुला द्यायचा तो सगळा मान या पहिल्याच ओळीत देऊन टाकते, कारण पुढे त्याला जागा उरेल असं वाटत नाही. तुझा गुडघा कसा आहे? म्युरिएलची डोकेदुखी थांबली हे ऐकून जिवात जीव आला. (ती का थांबली हे तुला माहीत नाही, मला आहे. ते शेवटी सांगेन. आत्ताच पान उलटू नकोस, मी तुला ओळखते.) इकडे थंडी कडाक्याची आहे, मागच्या अंगणातला नळ गोठलाय, आणि डचेस मांजर ठणठणीत आहे. फक्त माणसांच्या अकलेबद्दलचं तिचं मत आणखी खाली गेलंय.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "मग? बदललीस ना कंपनी? किती वाचले?" मी म्हटलं पत्रानं कळवते. तर आता सविस्तर ऐक. ऑक्टोबरात तुम्ही दोघं आमच्याकडे आलात तेव्हा हे सगळं सुरू झालं. इतकी वर्षं एकाच कंपनीकडून वीज नि गॅस घेणारी माणसं एक तर श्रीमंत असतात नाही तर बावळट, आणि आम्ही श्रीमंत नाही, असं तू माझ्याच टेबलावर बसून, माझीच ग्रेव्ही दुसऱ्यांदा वाढून घेत सांगितलंस. मग पेटती मेणबत्ती हातात धरून घरभर फिरलास. जिथे ज्योत थरथरली तिथून ऊब पळते, असं म्हणत जिथे फट दिसली तिथे काही ना काही कोंबलंस. दारांखाली वाळूच्या लांबुळक्या उश्या आल्या, खिडक्यांना प्लास्टिक लागलं. तुझा मेव्हणा विल्फ्रेड चिंध्यांची टोपली घेऊन तुझ्यामागे, आणि तुम्ही दोघं शाळा बुडवलेल्या पोरांसारखे खूश. खोटं कशाला बोलू, मीही खूश होते. पुढची खोली खरोखरच उबदार झाली. जाताना तू दारात उभा राहून बजावलंस, "एनिड, आता फक्त कंपनी बदल. पंधरा मिनिटांचं काम आहे." त्या पंधरा मिनिटांवर आपण नंतर बोलू.

नोव्हेंबरात विल्फ्रेडचं बिनसायला लागलं. हे मी तुला फोनवर पुरतं सांगितलं नव्हतं, कारण तू लगेच कुठला तरी काढा सुचवला असतास, आणि मला ते तोंडानं उच्चारायचीच भीती वाटत होती. आधी त्याचं शब्दकोडं अर्धवट राहायला लागलं. चाळीस वर्षं सकाळच्या चहाबरोबर कोडं संपवणारा माणूस, तो पेन्सिल हातात धरून गॅसच्या शेकोटीपुढे डुलक्या घ्यायचा. मग डोकं दुखतं म्हणायला लागला. मग किटली फ्रिजमध्ये सापडली. (माझा चष्मा एकदा ओव्हनमध्ये सापडला होता, पण तो मीच ठेवला होता, ते वेगळं.) आणि एका संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर माझ्याकडे पाहून अगदी अदबीनं म्हणाला, "आभारी आहे. एनिड आली का बाजारातून?" मी स्वयंपाकघरात गेले, दार लावून घेतलं आणि ओट्याला धरून उभी राहिले.

गंमत अशी, की भाजीच्या वाफ्यावर गेला की हाच माणूस तासाभरात माणसात यायचा. शेजारच्या वाफ्यावाल्याशी कोबीवरून भांडून यायचा. डॉक्टर अदेयेमींकडे चालत गेलो तर तिथेही पोपटासारखा बोलला, फक्त वार तेवढा चुकला. डॉक्टर भले आहेत. म्हणाले, वय झालंय, पण स्मरणशक्तीची रीतसर तपासणी करून घेऊ, म्हणून मोठ्या इस्पितळातली तारीख दिली. आमची जिलियन लीड्सहून आली ती हातात एका वृद्धाश्रमाचं चकचकीत पुस्तक घेऊनच. त्यात तळं होतं, बदकं होती आणि सगळे म्हातारे दात दाखवत होते. "आई, आत्ताच काही ठरवायचं नाहीये गं, फक्त बघून ठेव," म्हणाली. मी ते पुस्तक ब्रेडच्या डब्यामागे लपवलं. रोज सकाळी मी विल्फ्रेडला सहज विचारल्यासारखं विचारायची, "आज वार कुठला रे?" आणि तो माझ्या तोंडाकडे असा बघायचा, की मीच घाईघाईनं उत्तर देऊन टाकायची. डचेसनं मात्र नोव्हेंबरातच शेकोटी सोडली होती. जन्मभर त्या गालिच्यावर पसरलेलं मांजर, ते थंडगार जिन्यात जाऊन झोपायला लागलं. मला वाटलं, विल्फ्रेड तिला ओळखेनासा झाला म्हणून रुसली.

आणि अशा या दिवसांत मी तुझ्या आज्ञेवरून कंपनी बदलत होते! नवीन कंपनीच्या बाईनं विचारलं, वर्षाला किती युनिट जळतात? मी म्हटलं, मी किती जळते तेवढं सांगू शकते. जुन्या कंपनीला कुणकुण लागताच इतकी वर्षं ढुंकूनही न बघणाऱ्या त्या लोकांनी फोनमागून फोन केले. एकानं तर "आमचं काही चुकलं का?" असं विचारलं तेव्हा मला एखादा नवरा टाकून जात असल्यासारखं अपराधी वाटलं, आणि मी त्याची क्षमा मागितली. नवीन कंपनीची अट अशी, की स्वस्त दर हवा असेल तर मीटर नवीन बसवायचं. त्यांनी तारीख दिली, वेळ दिली "आठ ते बारा", आणि ती नेमकी विल्फ्रेडच्या तपासणीचीच सकाळ निघाली.

मी ठरवलं, मीटर गेलं खड्ड्यात. रद्द करायला फोन लावला. क्लिफर्ड, कंपनी बदलणं पंधरा मिनिटांचं काम असेलही, पण बदल थांबवणं माणसाच्या ताकदीबाहेरचं आहे. आधी यंत्र बोललं, मग सनई वाजवल्यासारखं काहीतरी वाजलं, मग यंत्र म्हणालं की माझा फोन त्यांच्यासाठी मोलाचा आहे, मग पुन्हा सनई. फोन कानाशी धरून मी बटाटे सोलले, उकडले, कुस्करले. शेवटी एक मुलगा आला, माझं नाव विचारलं, आणि फोन कटला. मी तो टेबलावर आपटला आणि रडले. तपासणी साडेअकराला होती. म्हटलं, येऊ दे तो मीटरवाला, आला तर दारातूनच परत पाठवीन.

आली ती बाई निघाली. नाव कर्स्टी, दंडावर गोंदलेला मासा, आणि दारातच सुरू झाली, की तिचा घटस्फोट परवाच झाला, आता मोकळी हवा आहे, चहात साखर तीन चमचे. (ती सगळ्यांना राजा म्हणते. मलाही, विल्फ्रेडलाही, डचेसलाही.) आम्हाला इस्पितळात जायचंय म्हटलं तर म्हणाली, "मीटर बाहेरच्या भिंतीत आहे ना, राजा? तुम्ही कोट चढवेपर्यंत उरकते." आणि खरंच उरकलं. विल्फ्रेड सकाळपासून लग्नकार्याचा सूट घालून शेकोटीपुढे बसला होता. ओठ हलत होते. मी जवळ जाऊन ऐकलं तर परीक्षेला बसल्यासारखा घोकत होता, "आज मंगळवार. आज मंगळवार." त्या दिवशी मंगळवारच होता. तो तरी चुकू नये म्हणून मी देवाची करुणा भाकत होते.

मीटर बसवल्यावर घरातली गॅसची उपकरणं एकदा बघून जायची, असा त्यांचा नियम आहे. कर्स्टी पुढच्या खोलीच्या दारातून आत पाऊल टाकते न टाकते, तोच तिच्या जाकिटाला लावलेलं एक छोटं यंत्र किंचाळायला लागलं. मला वाटलं तिच्या नवऱ्याचा फोन. तिचा चेहरा मात्र पार बदलला. एका झेपेत तिनं शेकोटी बंद केली, खिडकीचं तुझं प्लास्टिक टराटरा फाडलं, आणि ओरडली, "बाहेर! दोघंही! आत्ताच्या आत्ता!"

विल्फ्रेड उठेना. "मला परीक्षेला जायचंय," म्हणाला.

"परीक्षा बाहेर आहे, राजा, रस्त्यावर. चल माझ्याबरोबर."

तिनं त्याच्या काखेत हात घातला, मी दुसऱ्या, आणि त्याचे पाय असे लटपटत होते की उंबऱ्यावर आम्ही तिघंही पडता पडता वाचलो. बाहेर बर्फाळ वारा. आम्ही तिच्या गाडीत बसलो, ती अँब्युलन्सला फोन करत होती, आणि विल्फ्रेडची मान माझ्या खांद्यावर कलंडली. मी त्याला हलवत होते, हाका मारत होते. तो नुसतं हूं हूं करत होता. क्लिफर्ड, मी त्याच्याशी आयुष्यभर भांडत आले, पण त्या वेळी त्याच्यासाठी नवस बोलले, तुझ्यासारखा कंजूष माणूस ऐकूनच आजारी पडेल इतका मोठा.

ती शेकोटी विष सोडत होती. कार्बन मोनॉक्साइड, त्याला वास नाही, रंग नाही. धुराड्यात वर कावळ्यांनी घरटं केलेलं, म्हणून धूर वर जाईना, आणि सोफ्यामागच्या भिंतीत जी हवेची जाळी असते, ती कुणीतरी गच्च बुजवलेली. म्हणजे तीन महिने विल्फ्रेड रोज थोडं थोडं विष घेत होता, आणि मी मागच्या स्वयंपाकघरात दाराखाली तुझी ती वाळूची उशी लावून सुखरूप बसले होते. कर्स्टीनं विचारलं, "ही जाळी कुणी बंद केली, राजा?" मी म्हटलं, "घरातल्याच माणसानं." बाकीचं तिला सांगून काय करायचं होतं?

इस्पितळात त्याच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा लावला. मी शेजारी बसून होते. संध्याकाळी त्यानं डोळे उघडले, मुखवटा बाजूला केला आणि म्हणाला, "एनिड, तू स्वयंपाकघरातल्या चपला घालून इस्पितळात आलीस?" मी खाली बघितलं. खरंच. अशी रडले की नर्स धावत आली, तिला वाटलं तो गेला. डॉक्टर म्हणतात पूर्ण बरं व्हायला वेळ लागेल, हात अजून थोडे कापतात, पण स्मरणशक्तीची तपासणी आता त्यांनीच पुढे ढकलली आहे. कोडं तो पुन्हा सोडवतो, आणि मला एकही शब्द सुचवू देत नाही. जिलियनचं बदकांचं पुस्तक त्यानं ब्रेडच्या डब्यामागून शोधून काढलं आणि बदकांना मिशा काढून तिला परत पाठवलं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. दर कमी झाला, हे खरं. पण शेकोटीला 'धोका, वापरू नका' अशी लाल चिठ्ठी लागली, तिच्या जागी आम्ही विजेचे दोन हीटर लावले, आणि त्यांनी वाचलेलं सगळं खाऊन वर आणखी मागितलं. पैशांचं विचारशील तर कंपनी बदलणं हा निव्वळ वेडेपणा आहे. पण कुणी मला सांगितलं की उद्या पुन्हा बदल, तर मी पुन्हा ती सनई ऐकत बटाटे सोलीन.

म्युरिएलला माझा खूप खूप लोभ सांग. तुझ्यावरही आहेच, पण तो या आठवड्यात जरा मागच्या खोलीत ठेवलाय.

तुझी,
एनिड

ता. क. नवीन कंपनीचं पत्र कालच आलं. आमच्या जुन्या कंपनीनं ती विकत घेतली आहे. "पुन्हा आमच्या परिवारात आपलं स्वागत," असं लिहिलंय.

ता. क. दुसरा. आता तुझ्या शेजारणीबद्दल, मिसेस पिकर्सगिलबद्दल. तू रविवारी म्हणालास तशी ती वेडी झालेली नाही. तुझ्या घरातही तीच शेकोटी, आणि मेणबत्ती घेऊन आधी तू तिथेच फिरला होतास. म्युरिएल दिवसभर झोपते, डोकं धरून बसते, ब्रेडच्या डब्यात चष्मा ठेवते, असं तूच हसत हसत सांगितलं होतंस. इस्पितळाच्या व्हरांड्यात मला ते आठवलं. तुला फोन लावला, पण तो तू रविवारपर्यंत बंद करून खणात ठेवतोस. म्हणून मिसेस पिकर्सगिलला लावला. तुमच्या घराची किल्ली तिच्याकडे असते म्हणून ती थेट आत आली, शेकोटी बंद केली, खिडक्या उघडल्या, तुम्हा दोघांना ओढत आपल्या घरी नेलं, गॅसवाल्याला बोलावलं आणि म्युरिएलला डॉक्टरकडे घेऊन गेली. कारण विचारलंस तर गल्लीत गॅस फुटलाय असं सांगायला मीच लावलं होतं. फोनवर खरं सांगितलं असतं तर तू मध्येच तोडून माझंच चुकलं म्हणून सिद्ध केलं असतंस, आणि पत्र मात्र तू शेवटपर्यंत वाचतोस, तिकीट वाया जाऊ नये म्हणून. आता माझं एवढंच मागणं आहे. तिच्याकडे जा, माफी माग आणि केक ने. पूर्ण किमतीचा. संध्याकाळी दुकानात किंमत उतरवल्याचं पिवळं लेबल लागण्याची वाट बघत उभा राहिलास तर मला कळेल.

ता. क. तिसरा, विल्फ्रेडच्या हातचा. क्लिफर्ड, जाळीतून जे निघालं तो तुझा क्रिकेटचा स्वेटर होता, कोपराला म्युरिएलनं ठिगळ लावलेला. चिंध्यांची टोपली माझ्या हातात होती, त्यामुळे अर्धा दोष माझा. धुतला, आता मीच घालतो. चांगला उबदार आहे, परत मिळणार नाही. आणि एनिडनं वर बुधवार लिहिलंय. आज गुरुवार आहे.